मनूला हुरूप येईल, पण असा

चिमे, मनू दहावीत गेल्यापासून तू उठता-बसता तिला उपदेश करतेस. पोटातली माया आहे, ठाऊक आहे मला. पण सांगून-सांगून कुणाला हुरूप येत नाही गं.

गिरगावात आपल्या मजल्यावर काय कमी भाषा होत्या? गुजराथी काकी 'हिंमत राख' म्हणायच्या, आपली आई 'होईल गं, मी आहे ना' म्हणायची. आणि नुसतं म्हणून थांबायच्या नाहीत. परीक्षेच्या दिवसांत काकी आपल्याला त्यांच्या आतल्या खोलीत अभ्यासाला बसवायच्या आणि रेडिओ बंद ठेवायच्या. धीर यायचा तो त्यानं.

शिवाजी पार्कवरचे आचरेकर सर आठव. सचिन तेंडुलकर फलंदाजी करून दमला, की सर यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. बाद करणाऱ्याला ते नाणं, नाबाद राहिला तर सचिनला. अशी १३ नाणी त्यानं आजही जपलीत. २०१३ साली वानखेडेवर निरोप घेताना तो म्हणाला, की २९ वर्षांत सर एकदाही 'छान खेळलास' म्हणाले नाहीत. पण हेच सर त्याला स्कूटरवर घालून शिवाजी पार्कातून आझाद मैदानात न्यायचे, एका दिवसात दोन सामने खेळता यावेत म्हणून! मनूची तारीफ करू नकोस असं नाही म्हणत मी. पोरीला कौतुक लागतंच, तू ते मोकळ्या मनानं कर. पण मला सरांची ती स्कूटर त्याहून मोठी वाटते.

प्रेमाताई पुरवांचंही तेच. गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका कर्जानं पिचल्या होत्या. त्यांना 'स्वावलंबी व्हा' एवढंच सांगून ताई घरी गेल्या नाहीत. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँकेनं आपल्यावर भरवसा टाकला, यानंच त्या बायकांना केवढं बळ आलं असेल!

तू मनूवर कसला भरवसा टाकतेस, सांग बघू. तिचं वेळापत्रक तिलाच आखू दे. चुकलं तरी आठवडाभर हात लावू नकोस. 'शेजारची बघ' हे तर तोंडातून काढूच नकोस. रात्री ती वाचत असेल तेव्हा मालिका बंद कर, नुसती जवळ बस, काहीतरी निवडत.

रविवारी तिला दादरला माझ्याकडे पाठव. एकटीच येऊ दे, बसनं. भूमितीची प्रमेयं मी पार विसरलेय, ती मला शिकवेल. आणि 'पोचली का' म्हणून दर दहा मिनिटांनी फोन करू नकोस. पोचली की तीच करेल.