हन्ना ह्या नांवाचा अर्थ व प्रवास

मुलीचें नांव ठेवण्याची वेळ आली म्हणजे आपल्या मंडळ्यांतून पवित्र शास्त्रांतलें एखादें नांव पुष्कळदां निवडलें जातें. परंतु त्याचा अर्थ काय, हें विचारणारे थोडेच असतात. ह्या पाठांत आपण हन्ना हें एकच नांव घेऊं. तें कोठून निघालें, कोणकोणत्या भाषांत गेलें आणि त्यापासून काय शिकावयाचें, हें क्रमानें पाहूं.

मूळ. हन्ना हें इब्री नांव आहे. ज्या धातूपासून तें झालें त्याचा अर्थ 'कृपा करणें' असा आहे. त्याच धातूपासून योहान हें पुरुषाचें नांव झालें; त्याचा अर्थ 'परमेश्वर कृपाळू आहे' असा होतो. लूककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायांतली योहान्ना हीही ह्याच कुळांतली. इब्री लोकांचे शेजारी फिनिकी लोक ह्यांच्या भाषेंतही हा धातु होता. रोमशीं लढलेला कार्थेजचा सेनापति हॅनिबल ह्याच्या नांवाचा अर्थ 'बआल कृपाळू आहे' असा आहे. शब्द एकच; कृपा कोणाची मानावयाची, एवढाच भेद.

प्रवास. इब्री नांवाच्या आरंभीं जो घशांतला उच्चार आहे, त्याला ग्रीक लिपींत स्वतंत्र अक्षर नव्हतें. म्हणून ग्रीक भाषेंत हन्नाचें अन्ना झालें, व लॅटिन भाषेंत तेंच राहिलें. पुढें रशियन लोकांत आन्ना, स्पॅनिश व पोर्तुगीज लोकांत आना, फ्रेंच लोकांत आन आणि इंग्रजांत ॲन अशीं त्याचीं रूपें झालीं. मरीयेच्या आईचें नांव हेंच होतें, अशी प्राचीन परंपरा आहे. तें शास्त्रांत नाहीं, दुसऱ्या शतकांतल्या एका ग्रंथांत आहे; तथापि त्या परंपरेमुळें हें नांव युरोपांत फार पसरलें. गोव्यांत तळावली येथें संत आना हिच्या नांवाचें जुनें देऊळ आहे, तें ह्याच परंपरेचें. पुढें सोळाव्या शतकांत शास्त्राचीं भाषांतरें थेट इब्रींतून इंग्रजींत झालीं, तेव्हां हन्ना हें मूळ रूपही इंग्रज लोकांत रूढ झालें. ह्याप्रमाणें एका नांवाचीं दोन झालीं. श्रीरामपूर येथें मुलींच्या शिक्षणासाठीं झटलेल्या हन्ना मार्शमन (१७६७–१८४७) आणि ब्रह्मदेशांत सेवा केलेल्या ॲन जडसन (१७८९–१८२६) ह्या दोघींचें नांव मुळांत एकच.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सारख्या दिसणाऱ्या सर्वच नांवांचें मूळ एक नसतें. आपण वडील माणसांस अण्णा म्हणतों तो शब्द कानडी भाषेंतला. तेथें त्याचा अर्थ थोरला भाऊ असा आहे. त्याचा अन्नाशीं संबंध नाहीं. उलट, सीरिया व लेबानोन येथील अरबी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांत हन्ना हें पुरुषाचें नांव असतें. तें योहान ह्याचें रूप होय.

अर्थ. आतां शास्त्राकडे वळूं. १ शमुवेल, अध्याय १ ह्यांत एल्कानाची बायको हन्ना निपुत्रिक होती, व पनिन्ना तिला सतत हिणवीत असे. पुढें तिला शमुवेल झाला. परंतु लक्षांत घ्या, तिचें नांव पुत्र झाल्यावर बदललेलें नाहीं. लोक तिला हिणवीत होते तेव्हांही तिचें नांव कृपा हेंच होतें. दुसरी हन्ना लूक २:३६ ह्यांत आहे. ती चौऱ्यायशीं वर्षांची विधवा; तिच्या मुलाबाळांचा उल्लेखही नाहीं. ती फनूएलाची मुलगी, असें सांगितलें आहे. ह्या फनूएलाविषयीं फारसें कांहीं लिहिलेलें नाहीं. मुलीमुळें बापाचें नांव राहिलें!

उपयोग. आपल्या कित्येक गांवीं मुलीनंतर पुन्हां मुलगीच झाली तर तिला नकुसा किंवा नकोशी म्हणण्याची चाल आहे. सन २०११ च्या ऑक्टोबर महिन्यांत सातारा येथें जिल्ह्यांतल्या अडीचशेंहून अधिक मुलींचें असें नांव समारंभपूर्वक बदलण्यांत आलें. जी मुलगी दररोज शाळेंत 'नको' ह्या हांकेला 'हजर' म्हणते, तिच्या मनाचें काय होत असेल, ह्याचा विचार आईबापांनीं करावा. नांव ही मुलीला मिळणारी पहिली देणगी आहे, आणि ती जन्मभर पुरते.

ह्यासाठीं परकी नांवच पाहिजे असें नाहीं. अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें १८६२ सालीं एका ख्रिस्ती घरांत जन्मलेल्या मुलीचें नांव कृपाबाई ठेविलें होतें. हीच पुढें कृपाबाई सत्यनाथन् ह्या नांवानें लेखिका म्हणून प्रसिद्ध झाली. हन्नाचा अर्थ आपल्या भाषेंत ह्याहून सोपा करून सांगतां येणार नाहीं.

उपदेशक बंधूंनीं बारशाच्या घरीं हा अर्थ अवश्य सांगावा. आणि जेथें पाळण्यांत मुलगी असून घर उदास असेल, तेथें तो आधीं सांगावा.

प्रश्न : (१) हन्ना व योहान ह्या नांवांत समान काय आहे? (२) इंग्रजींत एका नांवाचीं दोन कशीं झालीं? (३) आपल्या गांवांत नकोशी नांवाची मुलगी आहे काय? तिच्यासाठीं आपण काय करूं शकतों?