क्रीटचा रुपेरी पाला

तुळशीच्या कुळातील दिक्तामो हे झुडूप भूमध्य समुद्रातील क्रीट बेटाखेरीज कोठेही आपोआप उगवत नाही. उभ्या कड्यांच्या फटींत ते वाढते. पानांवरील दाट पांढऱ्या लवेमुळे रुपेरी दिसते. बाण लागलेली रानबकरी हा पाला खाऊन बाण पाडते, असे ॲरिस्टॉटलच्या ग्रंथात आहे. येथे वर्गात मुले हसतात, आणि हसावेच. मात्र पाल्यातील कार्व्हाक्रोल खरोखर जंतुनाशक आहे. आपल्या ओव्यातील थायमॉलचे ते सख्खे भावंडच. खोकल्यावर व पोटदुखीवर तेथील लोक याचा काढा घेतात. हा पाला खुडण्यासाठी कड्यावर चढलेली कित्येक माणसे पूर्वी पडून मेली. आता रानातील झुडपे विरळ झाली असून एंबारोस गावच्या शेतांतून त्याची लागवड होते.