संगणकाचे पुस्तक कसे अभ्यासावे?



आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज संगणकशास्त्राचे शिक्षण घेत आहेत, ही आनंदाची बाब होय. परंतु यांपैकी काही जण प्रोग्रॅमिंगही गाईडवरून पाठ करतात. परीक्षेत पास होतात. मुलाखतीत मात्र दहा ओळींचा प्रोग्रॅम जमत नाही. मग दोष इंग्रजीला दिला जातो. आमच्या मते खरा दोष अभ्यासाच्या पद्धतीत आहे.

उदाहरणादाखल 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक घेऊ. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे ब्रायन कर्निघन व डेनिस रिची यांनी ते १९७८ साली लिहिले. सुधारित आवृत्ती १९८८ साली निघाली. सी भाषा घडविली ती रिची यांनीच. पुस्तकात प्रकरणे अवघी आठ. अगदी नवख्याला ते थोडे जड जाते, म्हणून सोबत जाणकार असावा.

यातील पहिला प्रोग्रॅम जगाला नमस्कार करणारे दोन शब्द पडद्यावर उमटवतो, इतकेच. पण त्यावरचा पहिला स्वाध्याय पाहा. प्रोग्रॅम चालवा, मग त्यातील एकेक भाग मुद्दाम गाळा आणि संगणक कोणती चूक दाखवतो ते बघा! म्हणजे चूक लपवायची नाही, तर करून पाहायची.

याच प्रकरणात फॅरनहाइटचे सेल्सिअस करण्याचा तक्ता आहे. सूत्रात ५/९ ने गुणायचे असते. परंतु सी भाषेत दोन पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळून पडतो. म्हणून ५/९ चे उत्तर शून्य येते आणि सगळा तक्ताच शून्यांनी भरतो. यास्तव लेखक आधी ५ ने गुणतात, नंतर ९ ने भागतात.

आम्ही बँकेत कारकून आहोत, त्यामुळे हे आम्हाला व्याजाच्या हिशेबावरून उमगले. १,००० रुपयांवर ७ टक्के व्याज काढताना पूर्णांकांत आधी ७/१०० केले, तर व्याज शून्य! आधी १,००० ला ७ ने गुणून मग १०० ने भागले, तर बरोबर ७० रुपये. यंत्राने दोन्ही वेळा सांगितले तेच केले. एका ओळीतील क्रम चुकला, तर एखाद्या म्हातारीच्या ठेवीवरचे व्याज बुडेल. ही जबाबदारी पाठांतराने पेलत नाही.

तथागतांनी कालाम लोकांना हेच सांगितले होते. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू म्हणतात, एवढ्यावरून काही स्वीकारू नका; स्वतः पारखून घ्या. प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकालाही हाच नियम लावावा. प्रत्येक उदाहरण स्वतः टाइप करावे. उत्तर आधी कागदावर काढावे, नंतर यंत्राशी ताडून पाहावे. चूक आली की तिचे कारण शोधावे. कारणावाचून कार्य नाही, हा तर धम्माचाच सिद्धांत आहे. अडलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ वहीत मराठीत लिहावा.

घरी संगणक नाही म्हणून थांबू नये. सी चे कंपायलर फुकट मिळतात, मोबाइलवरही चालतात. चार-पाच जणांनी मिळून एक प्रत घ्यावी, रविवारी विहारात बसावे आणि ज्याला समजले त्याने इतरांना समजावून सांगावे.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते आपल्या मुलांनी स्वतः विचार करावा म्हणून. पाठ केलेला प्रोग्रॅम परीक्षेनंतर विसरतो. स्वतः चुकून दुरुस्त केलेला जन्मभर सोबत राहतो.

जय भीम!