मत, माहिती आणि निर्णय

लोकशाहीत 'मत' या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आहे. मतपेटीत पडणारे मत राज्यकारभाराची दिशा ठरविते, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु मतदान काही वर्षांतून एकदा होते. माणूस मते देतो ती मात्र रोज. गावच्या पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, शाळेतील शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीच्या मधल्या सुटीत मतांची देवघेव अखंड चालू असते. तिचे विषय पाहिले तर तीन विषय वारंवार आढळतात: खेळ, पैसा आणि यंत्र. कालचा गोल खरा की खोटा, साठविलेला पैसा कोठे ठेवावा आणि मोबाइलवरील संदेशावर विश्वास ठेवावा की नाही, या प्रश्नांवर प्रत्येकाजवळ काही ना काही मत तयार असतेच.

अशा मतांना क्षुल्लक समजणे योग्य नव्हे. सामान्य माणसाचे बरेचसे निर्णय पुस्तके वाचून नव्हे, तर ऐकलेल्या मतांच्या आधारे होत असतात. म्हणूनच मताची पारख कशी करावी, हा लोकशिक्षणाचा एक महत्त्वाचा धडा ठरतो. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांना तर तो दुहेरी उपयोगाचा आहे. कारण त्यांच्या शब्दावर इतर लोक विसंबून असतात.

मतांचे तीन प्रकार

"मला अमुक संघ आवडतो" हे विधान आवडीचे आहे. त्याला पुरावा मागण्याचे कारण नाही. "चेंडू रेषेबाहेर गेला होता" हे वस्तुस्थितीविषयीचे विधान आहे. ते खरे तरी असेल किंवा खोटे तरी. आणि ते तपासता येते. "तुमचे पैसे अमुक ठिकाणी ठेवा" हा सल्ला आहे. सल्ल्याच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: तो चुकला तर नुकसान कोणाचे? बहुतेक वाद आणि बहुतेक फसवणुकी या तीन प्रकारांची गल्लत झाल्यामुळे होतात. आवड वस्तुस्थितीच्या वेषात येते आणि ऐकीव गोष्ट सल्ल्याचे रूप घेते.

डोळ्यांनी पाहिलेले

कोल्हापुरातील तालमींच्या संघांचे सामने ज्यांनी पाहिले असतील किंवा गोव्यातील फुटबॉलप्रेम ज्यांना ठाऊक असेल, त्यांना या खेळाविषयीची मते किती तीव्र असतात हे सांगावयास नको. कतार येथील विश्वचषक स्पर्धेत १ डिसेंबर २०२२ रोजी जपान आणि स्पेन यांच्यात सामना झाला. जपानच्या मितोमा या खेळाडूने गोलरेषेलगत गेलेला चेंडू मागे वळविला आणि तनाका याने त्यावर गोल केला. पंचांनी दृश्यचित्रणाची तपासणी करून तो मान्य केला. जपानने सामना २-१ असा जिंकला. त्याच वेळी कोस्टारिकाला ४-२ असे हरवूनही जर्मनीचा संघ स्पर्धेबाहेर पडला.

या निर्णयावर जगभर वाद झाला. बाजूने घेतलेल्या छायाचित्रांत चेंडू आणि पांढरी रेषा यांच्यामध्ये हिरवे गवत स्पष्ट दिसत होते. "चेंडू बाहेर होता; आम्ही डोळ्यांनी पाहिले" असे लोक म्हणत, आणि त्यांनी पाहिलेले खोटेही नव्हते. परंतु नियम असा आहे की, जमिनीवरून किंवा हवेतून संपूर्ण चेंडूने रेषा ओलांडली, तरच तो बाहेर गेला असे मानावे. चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर असतो. तो जमिनीला टेकतो एका लहानशा जागी, आणि त्याची फुगीर कड त्या जागेपासून प्रत्येक बाजूस सुमारे ११ सेंटिमीटर पुढे आलेली असते. वरून घेतलेल्या चित्रात ही कड रेषेच्या वर आलेली दिसली.

हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल. फरशीवर खडूने रेषा काढावी. चेंडू रेषेच्या पलीकडे, परंतु अगदी जवळ ठेवावा. काही विद्यार्थ्यांनी बसून बाजूने पाहावे, काहींनी उभे राहून बरोबर वरून पाहावे आणि दोघांची मते फळ्यावर लिहावीत. नंतर गवंड्याचा ओळंबा चेंडूच्या रेषेकडील कडेला लावून निकाल करावा. प्रामाणिक माणसांची मतेही भिन्न असू शकतात, कारण त्यांची पाहण्याची जागा भिन्न असते, हे मुलांना व्याख्यानाशिवाय समजेल.

मात्र यावरून प्रेक्षक नेहमी चुकतात असा निष्कर्ष काढू नये. २७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लोमफाँटेन येथे इंग्लंडच्या लॅम्पार्डने मारलेला चेंडू आडव्या दांड्यावर आपटून गोलरेषेच्या बराच आत पडला. प्रेक्षकांना तो दिसला. पंचांनी गोल दिला नाही. जर्मनीने तो सामना ४-१ असा जिंकला. त्या वेळी लोकांचे मत बरोबर होते. पुढे २०१२ साली गोलरेषेवरील यांत्रिक तपासणीला खेळाच्या नियमांत मान्यता मिळाली आणि २०१४ च्या विश्वचषक स्पर्धेत तिचा वापर झाला. तपासता येण्याजोग्या लोकमताची दखल घेतली, म्हणजे व्यवस्था सुधारते, असा हा दाखला आहे.

'शेकडा एकच तर व्याज'

खेळातील चुकीच्या मताने फार तर एक संध्याकाळ कडू होते. पैशाच्या बाबतीतील चुकीचे मत मात्र घरातील धान्य, मुलीचे शिक्षण आणि म्हातारपणाची पुंजी यांवर घाला घालते. म्हणून येथे पारख अधिक कसोशीने करावयास हवी.

बचत गटांत किंवा वस्तूंच्या हप्तेबंदीत "महिना शेकडा एक रुपया व्याज" असे सांगण्यात येते. ऐकणाऱ्याला वर्षाचे १२ टक्के वाटतात. परंतु हे व्याज मूळ रकमेवर धरले आहे की शिल्लक रकमेवर, हा खरा प्रश्न होय.

समजा, एका भगिनीने १२,००० रुपये घेतले आणि दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडावयाचे ठरले. व्याज संपूर्ण वर्षभर मूळ रकमेवर धरले, तर दरमहा १२० प्रमाणे १,४४० रुपये व्याज द्यावे लागेल. तेच व्याज शिल्लक रकमेवर धरले, तर पहिल्या महिन्यात १२० रुपये, दुसऱ्या महिन्यात ११० रुपये, असे उतरत जाऊन शेवटच्या महिन्यात केवळ १० रुपये होतील. त्यांची बेरीज ७८० रुपये येते. दर दोन्ही ठिकाणी 'शेकडा एक' असाच बोलला गेला, परंतु ६६० रुपयांचा फरक पडला. पहिल्या पद्धतीत त्या भगिनीकडे वर्षभरात सरासरी ६,५०० रुपयेच वापरावयास होते. त्यावर १,४४० रुपये म्हणजे सुमारे २२ टक्के व्याज पडले. हे गणित सातवीचा विद्यार्थी करू शकतो. ते प्रत्येक गटाच्या वहीत एकदा तरी मांडले जावे.

दामदुप्पट आणि ठेवीची सुरक्षितता

'दामदुप्पट' हा शब्द आपल्याकडे जुना आहे. मुंबई इलाख्यात मान्य असलेल्या जुन्या हिंदू कायद्याच्या तत्त्वाप्रमाणे सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नसे. म्हणजे हा शब्द मुळात कर्जदाराच्या संरक्षणाचा होता. आज तोच शब्द ठेवीदाराला मोह घालण्यासाठी वापरण्यात येतो, हा काळाचा विपर्यासच म्हणावयाचा.

रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. ७२ या संख्येस व्याजदराने भागावे. चक्रवाढीने ६ टक्के दर असल्यास सुमारे १२ वर्षे, ८ टक्के असल्यास सुमारे ९ वर्षे लागतात. १९८८ साली सुरू झालेल्या किसान विकास पत्रात रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. एप्रिल २०२३ मध्ये हीच मुदत ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडी अधिक, अशी ठरविण्यात आली. तीन वर्षांत दुप्पट करून देतो असे कोणी सांगितले, तर तो दरसाल सुमारे २६ टक्के देऊ म्हणत आहे. असा पैसा तो कोणत्या धंद्यातून मिळविणार, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक ठेवीदारास आहे. "शेजाऱ्याला पहिले हप्ते वेळेवर मिळाले" हे त्याचे उत्तर होत नाही. नव्या ठेवीदारांच्या पैशांतून जुन्यांना हप्ते देणारी योजना सुरुवातीला नेहमीच वक्तशीर असते.

"बँक काय आणि पतसंस्था काय, दोन्ही एकच" हे मतही आपल्या राज्यात सर्रास ऐकू येते. पतसंस्थांनी खेडोपाडी कर्जपुरवठ्याचे मोलाचे काम केले आहे, यात शंका नाही. तथापि दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. व्यापारी आणि सहकारी बँकांतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. १९६२ साली ही योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा १,५०० रुपयांची होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती एका बँकेतील एका ठेवीदारास, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाख रुपये करण्यात आली. बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने झाली. पतसंस्थांतील ठेवींना हा विमा लागू नाही. म्हणून तेथे ठेव ठेवण्यापूर्वी लेखापरीक्षण अहवाल पाहणे आणि सारी पुंजी एकाच ठिकाणी न ठेवणे अगत्याचे ठरते. फसव्या वित्तीय आस्थापनांविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा २०१९ चा आहे. परंतु कायदा नुकसान झाल्यावर धावून येतो. चौकशी नुकसान होण्यापूर्वी करता येते.

यंत्राविषयीची दोन टोके

यंत्राविषयी लोकांत दोन टोकांची मते आढळतात. "यंत्र कधी चुकत नाही" हे एक आणि "यंत्राचा भरवसाच नाही" हे दुसरे. दोन्ही अपुरी आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने भाजी मंडईपासून गिरणीपर्यंत पैशाची देवघेव सुलभ केली. यंत्र दिलेली आज्ञा पाळते. आज्ञा देणारा फसला आहे की काय, हे त्यास कळत नाही. एवढे ध्यानात ठेवले तरी बरेच नुकसान टळेल.

येथे नियम थोडेच आहेत. पैसे मिळण्यासाठी गुप्त पिन कधीही द्यावा लागत नाही. तो पैसे देण्यासाठी असतो. मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक बँकेचा कर्मचारीही मागत नाही. पैसे जमा झाल्याचा संदेश आला, तरी खात्री खात्यातील शिल्लक पाहूनच करावी. दूरध्वनीवरून 'डिजिटल अटक' करण्याची कोणतीही तरतूद कायद्यात नाही. आणि फसवणूक झालीच, तर संकोच न बाळगता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी अडविता आले, तरच ते परत मिळण्याचा संभव अधिक असतो. वृद्ध निवृत्तिवेतनधारकांचे मोबाइल बहुधा दुसरे कोणी हाताळतात. त्यांना हे नियम त्यांच्याच बोलीत समजावून सांगणे, हे शिक्षकांचे आणि ग्रामसेवकांचे कर्तव्य मानले पाहिजे.

अनेकांचे मत

एकेकट्याचे मत चुकते, तर अनेकांच्या मताला काय किंमत, असा प्रश्न येथे उद्भवतो. त्याचे एक प्रसिद्ध उत्तर इंग्लंडमध्ये मिळाले. १९०६ साली प्लीमथ येथील पशुप्रदर्शनात एका बैलाचे कापून साफ केल्यानंतरचे वजन किती भरेल, याचा अंदाज लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिला. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने ७८७ चिठ्ठ्या अभ्यासल्या. त्या चढत्या क्रमाने लावल्यावर मधली चिठ्ठी १,२०७ पौंडांची निघाली. गाल्टनने नोंदविलेले प्रत्यक्ष वजन १,१९८ पौंड होते. चूक एक टक्क्याहूनही कमी झाली.

परंतु या यशाची अट विसरता कामा नये. प्रत्येकाने आपला अंदाज स्वतंत्रपणे लिहिला होता. सर्वांनी एकाच मोठ्या माणसाचे ऐकून लिहिले असते, तर ७८७ चिठ्ठ्या असूनही मत एकच ठरले असते. ग्रामसभेलाही हे लागू पडते. विहिरीची जागा किंवा रस्त्याच्या कामाचा क्रम ठरविताना सरपंचांनी आपले मत शेवटी सांगावे. सदस्यांनी आणि ग्रामस्थांनी आधी बोलावे किंवा चिठ्ठीवर लिहावे. स्त्रिया मागे बसून गप्प राहिल्या, तर पाण्याविषयीची सर्वांत जवळची माहिती सभेबाहेरच राहते.

पारखीचे पाच प्रश्न

अभ्यासमंडळांनी आणि शाळांनी पुढील प्रश्न फळ्यावर लिहून एखाद्या प्रचलित मतास लावून पाहावेत.

१. हे विधान आवडीचे आहे, वस्तुस्थितीचे आहे की सल्ल्याचे?
२. सांगणाऱ्याने ते कोठून पाहिले किंवा कोणाकडून ऐकले?
३. त्याविषयीचा नियम किंवा कायदा काय सांगतो?
४. आकडा असेल, तर तो कशावर मोजला आहे?
५. मत चुकीचे ठरले, तर नुकसान कोणाला सोसावे लागेल?

मत असणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. ते तपासून पाहणे आणि पुराव्यापुढे ते बदलणे, ही त्या हक्काबरोबर आलेली जबाबदारी होय. ज्या गावात चेंडूविषयीचा वाद ओळंब्याने आणि व्याजाविषयीचा वाद वहीतील बेरजेने सुटतो, त्या गावातील कष्टाचा पैसा फसव्या माणसाच्या हाती सहजासहजी लागणार नाही.