शेताची वाट : हक्क, मर्यादा आणि नोंद

शेतजमिनीचे मोल तिचे क्षेत्र, मातीचा पोत आणि पाण्याची सोय यांवरून ठरते, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्या शेतात पेरणीच्या वेळी अवजारे नेता येत नाहीत आणि ज्यातील तयार माल वेळेवर रस्त्यावर आणता येत नाही, ते शेत कितीही सुपीक असले तरी धारकाच्या उपयोगी पडत नाही. तोडणीस आलेला ऊस वाटेअभावी उभा राहतो. काळ्या जमिनीत पावसाळ्यात वस्तीवरील मुलांना शाळेपर्यंत आणि आजाऱ्याला दवाखान्यापर्यंत नेणे कठीण होते. म्हणूनच शेताची वाट हा केवळ दोन शेजाऱ्यांमधील तंट्याचा विषय न मानता ग्रामविकासाचा विषय मानला पाहिजे.

पूर्वी बैलगाडीपुरती वाट पुरेशी होत असे. पीक निघाल्यावर शेजाऱ्याच्या रानातून गाडी नेण्यास सहसा कोणी हरकतही घेत नसे. पुढे वाटण्या होत गेल्या, धारणक्षेत्रे लहान झाली, बागायत वाढल्याने रान बारमाही पिकाखाली आले आणि बैलगाडीची जागा ट्रॅक्टर व मळणीयंत्राने घेतली. परिणामी रुंद वाटेची गरज वाढली आणि वाट सोडण्याची ऐपत मात्र कमी झाली. या विषयातील बहुतेक तंट्यांचे मूळ येथे आहे.

वाटेचे तीन प्रकार

वाटेसंबंधी तक्रार आली म्हणजे पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, ही वाट कोणत्या प्रकारची आहे? या प्रश्नाच्या उत्तरावर उपाय अवलंबून असतो, आणि चुकीच्या तरतुदीखाली अर्ज केल्यामुळे अनेक प्रकरणांत विनाकारण वेळ जातो.

पहिला प्रकार सार्वजनिक वाटेचा. गाव नकाशात दाखविलेले शिवरस्ते, गाडीमार्ग व पाणंदी या प्रकारात मोडतात. अशा वाटेवर कोणाही खातेदाराची मालकी नसते. लगतच्या शेतकऱ्याने बांध सरकवून ती अरुंद केली असेल, तर ते अतिक्रमण होय. तेथे नवा हक्क मागण्याचे कारण नसून मोजणी करून हद्द कायम करणे आणि अतिक्रमण दूर करणे एवढेच काम उरते. सार्वजनिक रस्त्यावरील व मोकळ्या जागेवरील अडथळे दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ५३ अन्वये देण्यात आला आहे.

दुसरा प्रकार वहिवाटीच्या वाटेचा. ही वाट खाजगी जमिनीतून जाते, परंतु प्रत्यक्ष वापरात असते. एखाद्याने काटेरी कुंपण घालून, चर खोदून किंवा नांगरून ती बंद केली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधील कलम ५ अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा निर्माण झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा दाखल करणे आवश्यक आहे. समजुतीच्या बैठका चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी तक्रारदाराच्या वेळीच निदर्शनास आणावी.

तिसरा प्रकार म्हणजे जेथे वाटच नाही. अशा शेताच्या धारकास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम १४३ चा आधार आहे. या कलमान्वये दुसऱ्या भूमापन क्रमांकाच्या हद्दीवरून, म्हणजेच बांधावरून, जाण्याच्या हक्काची चौकशी करून तहसीलदार निर्णय देतात. शेतकऱ्यास आपल्या शेतात जाण्यासाठी वाजवी मार्ग मिळण्याची गरज हा या निर्णयाचा मुख्य आधार असतो. निर्णय मान्य नसल्यास १ वर्षाच्या आत दिवाणी दावा दाखल करता येतो. आणि असा दावा दाखल झाल्यावर त्या निर्णयाविरुद्ध महसुली अपील वा फेरतपासणी चालत नाही.

हक्काला मर्यादा आहे

कलम १४३ मध्ये हद्दीवरूनच वाट का सांगितली आहे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. वाट शेताच्या मधून गेली तर एकाच शेतकऱ्याचे रान दुभंगते, औत वळविण्यास अडचण होते आणि पाण्याचे पाट तुटतात. बांधावरून गेली तर तिचा भार दोन्ही बाजूंच्या धारकांवर विभागला जातो. बांधालगत ४ मीटर रुंद व १०० मीटर लांब वाट काढावयाची झाल्यास ४०० चौरस मीटर, म्हणजे ४ आर जागा लागते. दोन्ही बाजूंनी निम्मी निम्मी घेतल्यास प्रत्येकाची २ आर जागा जाते. ज्याचे एकूण रान २० आर आहे, त्याच्या दृष्टीने हा दहावा हिस्सा झाला. म्हणून वाट मागणाऱ्याची निकड जितक्या सहानुभूतीने ऐकावयाची, तितक्याच सहानुभूतीने वाट देणाऱ्याचे नुकसानही मोजले पाहिजे. स्थळपाहणी, नकाशा आणि उभयपक्षांचे म्हणणे यांवाचून दिलेला निर्णय न्याय्य ठरत नाही.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये हाच समतोल दिसून येतो. उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता २० वर्षे वापरलेल्या खाजगी वाटेवर हक्क प्राप्त होऊ शकतो. परवानगी घेऊन केलेल्या वापराने तो प्राप्त होत नाही. गरजेपोटी मिळालेली वाट गरजेपुरतीच असते. वाट देणाऱ्याने ती कोठून द्यावयाची हे ठरवावे, परंतु ती घेणाऱ्यास वाजवी सोयीची असली पाहिजे. घेणाऱ्यानेही तिचा वापर समोरच्यास कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने करावा. त्या शेतास पुढे दुसरी वाट उपलब्ध झाली, तर गरजेपोटीचा हक्क संपुष्टात येतो.

वाटणीच्या वेळीच वाट

तंटा उद्भवल्यावर वाट शोधण्यापेक्षा जमिनीचे हिस्से पडतानाच वाट ठेवणे केव्हाही श्रेयस्कर होय. एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, रस्त्यालगत १२० मीटर लांब आणि आत १०० मीटर खोल असे १ हेक्टर २० आर रान तीन भावांत समान वाटावयाचे आहे. रस्त्यापासून आत जाणाऱ्या ४० मीटर रुंदीच्या तीन पट्ट्या पाडल्या, तर प्रत्येक हिस्सा रस्त्याला लागतो आणि वाटेचा प्रश्नच उरत नाही.

परंतु जमिनीचा उतार, मातीचा फरक किंवा विहिरीची जागा पाहून रस्त्याला समांतर अशा तीन पट्ट्या पाडल्या, तर फक्त पुढचा हिस्सा रस्त्याला लागतो. सर्वांत मागच्या हिश्श्यापर्यंत जाण्यास सुमारे ६७ मीटर लांबीची वाट लागेल. ती ३ मीटर रुंद ठेवल्यास २ आर, म्हणजे एकूण रानाचा साठावा हिस्सा खर्ची पडेल. वाटणीच्या दिवशी हे २ आर सामाईक म्हणून बाजूला काढल्यास प्रत्येक भावाच्या वाट्याला एका आराहूनही कमी तूट येते. त्या दिवशी हे राहून गेले, तर पुढे ते एकट्या पुढच्या वा मधल्या भावाकडून मागावे लागतात, आणि तेथूनच वैमनस्यास प्रारंभ होतो. सामाईक मिळकतीच्या वाटणीत एका हिश्श्याच्या उपभोगासाठी दुसऱ्या हिश्श्यातून वाट आवश्यक असेल, तर तसा हक्क १८८२ च्या अधिनियमाने मान्य केला आहे. तथापि तो सिद्ध करण्यास न्यायालयाची पायरी चढावी लागणे हिताचे नाही.

खरेदीखत व वाटणीपत्र यांत म्हणूनच वाटेची दिशा, लांबी, रुंदी आणि ती वापरणाऱ्यांचे गट क्रमांक स्पष्ट लिहावेत व सोबत कच्चा नकाशा जोडावा. 'पूर्वापार वाटेने जावे' एवढाच मजकूर पुढच्या पिढीस पुरत नाही. महसूल विभागाच्या २२ मे २०२५ च्या शासन निर्णयात शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबारा उताऱ्याच्या 'इतर हक्क' सदरात घ्यावी, असे निर्देश आहेत. या नोंदीचे महत्त्व असे की, जमीन विकली गेली तरी नव्या खरेदीदारास वाटेची माहिती आधीच मिळते.

वाट रस्त्याला मिळते तेथे

शेताची वाट डांबरी रस्त्याला मिळते ती जागा विशेष काळजीची असते. रस्त्याकडेचा चर मातीने बुजवून गाडी चढविण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. त्यामुळे पावसाचे पाणी तुंबते, ते रस्त्यावर पसरते किंवा वरच्या शेतात शिरते, रस्ताही खचतो. चरावर पुरेशा मापाच्या नळ्यांची मोरी घालणे हाच योग्य उपाय होय. नळ्याचे तोंड चराच्या मानाने लहान ठेवल्यास गाळ साचून पहिल्याच पावसाळ्यात ती निरुपयोगी ठरते.

वाट रस्त्याला शक्यतो काटकोनात मिळवावी, म्हणजे दोन्ही बाजूंची वाहने नजरेस पडतात. वळणाची आतली बाजू आणि पुलाजवळची जागा टाळावी. तोंडाजवळ उंच कुंपण किंवा कडब्याची गंजी असू नये. फाटक आतल्या बाजूस उघडावे आणि ते रस्त्यापासून इतके मागे असावे की, ते उघडेपर्यंत ट्रॅक्टर व ट्रॉली रस्त्याबाहेर उभी राहू शकेल. वाटेचा उतार रस्त्याकडे ठेवल्यास चिखल व खडी डांबरावर वाहून येते आणि दुचाकी घसरतात. म्हणून शेवटचा भाग सपाट व मुरमाचा असावा.

रस्त्याच्या हद्दीत कोणतेही काम करण्यापूर्वी तो रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या यंत्रणेची, म्हणजे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग यांची परवानगी घ्यावी. राष्ट्रीय महामार्गावर तर २००२ च्या अधिनियमानुसार परवानगीशिवाय प्रवेशमार्ग जोडता येत नाही. वेगवान रस्त्यावर जागोजागी तोंडे उघडली, तर अपघाताचा धोका वाढतो. अशा ठिकाणी चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकच प्रवेशमार्ग ठेवणे सर्वांच्या सोयीचे असते.

गावाने करावयाचे काम

२०२१ मध्ये राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना जाहीर केली. परंतु निधी उपलब्ध असला तरी जेथे हद्द निश्चित नाही व वाट मोकळी नाही, तेथे खडी टाकता येत नाही. ग्रामपंचायतीने गाव नकाशावरून सर्व पाणंदींची यादी करावी, ग्राम महसूल अधिकाऱ्यांसमवेत शिवारफेरी काढावी आणि खुल्या, अरुंद झालेल्या व बंद पडलेल्या अशा तीन सदरांत ती यादी ग्रामसभेपुढे ठेवावी. वाटण्यांची कागदपत्रे होत असतानाच वाटेचा विचार करण्याविषयी लोकांना सांगावे. शिक्षकांना वरच्या वर्गांतील मुलांकडून गाव नकाशाचे वाचन व पाणंदीच्या लांबीची मोजणी हा उपक्रम सहज घेता येईल. उद्या वाटणीस बसणार आहेत ती हीच मुले. आपल्या शिवारातील कोणती वाट सर्वांची आणि कोणती परवानगीची, हे त्यांना आजच समजलेले बरे.