न्यूटन म्हणजे नवेगावकर

गेल्या वर्षी महाविद्यालयात पहिली हजेरी झाली, तेव्हा ‘नवेगावकर’ हे माझे आडनाव ऐकून मागच्या बाकांवर खसखस पिकली. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मीच पहिला; ते हसू बरेच दिवस मनात सलत राहिले. यंदा व्युत्पत्तीची गोडी लागली आणि त्या हसण्याचे उत्तर चक्क इंग्रजीत सापडले.

‘न्यूटन’ म्हटले की आपल्याला सफरचंद आठवते, गुरुत्वाकर्षण आठवते. हा झाला ध्वन्यर्थ. आता वाच्यार्थ पाहू. जुन्या इंग्रजीत ‘नीवे’ म्हणजे नवे आणि ‘टून’ म्हणजे मुळात कुंपण. पुढे कुंपणातले शेतघर, मग वस्ती, मग गाव, असा अर्थ विस्तारत गेला. आजचा ‘टाऊन’ हा त्याचाच वंशज. त्याच कुळातला जर्मन ‘त्साउन’ मात्र अजून कुंपणच राहिला आहे. तेव्हा न्यूटन म्हणजे सरळसरळ नवेगाव!

इंग्लंडात या नावाची गावे ठिकठिकाणी आहेत. १०८६ सालच्या ‘डूम्सडे’ दप्तरातही ती सापडतात. नऊशे वर्षे उलटली, तरी गावे आपली नवीच!

गावाचे आडनाव कसे झाले? १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतरच्या काही शतकांत तिकडे आडनावे वंशपरंपरेने चालू लागली. ‘न्यूटन गावचा’ या अर्थी ‘द न्यूटन’ असे लिहीत. पुढे तो ‘द’ गळाला. आपला ‘कर’ तेवढा टिकून आहे. गंमत अशी, की गावातच राहणाऱ्याला गावाचे नाव कोण लावणार? ते चिकटते गाव सोडणाऱ्याला. माझे आजोबा मजुरीसाठी नवेगाव सोडून आले, म्हणून आम्ही नवेगावकर. मी ते गाव पाहिलेलेही नाही.

आयझॅक न्यूटन १६४२ साली वूल्सथॉर्प येथे जन्मला. ‘थॉर्प’ हा स्कँडिनेव्हियन लोकांनी आणलेला शब्द, अर्थ वाडी. त्याचे वडील शेतकरी होते आणि त्यांना स्वतःची सहीदेखील करता येत नव्हती. हे वाचले, तेव्हा माझ्या प्रवेश-अर्जावरचा वडिलांचा अंगठा डोळ्यांपुढे उभा राहिला.

वाच्यार्थ आपल्याला वाडवडिलांकडून मिळतो. ध्वन्यर्थ मात्र नाव धारण करणाऱ्याने मिळवायचा असतो. मी काही न्यूटन होणार नाही. पण परवा हजेरीत नाव पुकारले, तेव्हा ‘हजर’ जरा मोठ्यानेच म्हटले.