मूळ नोंद आणि हाताशी असलेली प्रत

इतिहासाच्या शिक्षकाने संगणकावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु ही स्मरणिका सिद्ध होत असताना आपल्या शाळेच्या संगणक कक्षात जो प्रसंग घडला, तो मूळ साधन आणि त्याची नक्कल यांच्या नात्याचा, म्हणजे माझ्याच विषयाचा होता.

कक्षातील सर्व फाईली एका सर्व्हरवर असतात व बाकीची यंत्रे जाळ्यातून त्या मागवतात. मागणाऱ्या यंत्रास क्लायंट म्हणतात. प्रत्येक ओळीसाठी पुन्हा पुन्हा सर्व्हरकडे जावे लागले, तर तीस मुलांच्या वर्गात काम ठप्प होईल. म्हणून क्लायंट एकदा आणलेला मजकूर स्वतःच्या स्मृतीत, तशी सोय केली असल्यास स्वतःच्या डिस्कवरही, ठेवून देतो. या साठ्यास ‘कॅश’ म्हणतात. नववीतील एका मुलाने विचारले होते, “सर, मग यात पैसे कुठे आहेत?” उच्चार तोच असला, तरी हा शब्द दडवून ठेवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून आला आहे.

दर्यापूर-बाळापूरकडील पालकांना हे सातबाऱ्यावरून चटकन उमगेल. मूळ नोंद महसूल दप्तरी. आपल्या पेटीत असतो तो उतारा. तो खोटा नसतो, पण ज्या दिवशी काढला त्या दिवसापुरताच खरा असतो. नंतर फेरफार झाला, तर पेटीतल्या कागदाला त्याची वार्ता नसते. म्हणूनच पीककर्जाच्या वेळी बँक ताजा उतारा मागते.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 1984 साली तयार केलेल्या ‘नेटवर्क फाईल सिस्टिम’ची रीत या बँकेसारखी आहे. फाईल उघडताना क्लायंट सर्व्हरला विचारतो, ‘मध्यंतरी काही बदलले काय?’ बदलले नसेल तर जवळचीच प्रत वापरतो. फाईल बंद करताना आपले बदल परत धाडतो. एरवी तो सतत विचारत बसत नाही. लिनक्समध्ये ही चौकशी साधारणतः 3 ते 60 सेकंदांच्या अंतराने होते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याच दशकात घडवलेल्या ‘अँड्र्यू’ प्रणालीने उलट मार्ग धरला. तेथे फाईल बदलताच सर्व्हरच आपण होऊन प्रतधारकांना कळवतो की तुमची प्रत आता जुनी झाली. जणू तलाठ्यानेच घरोघरी निरोप पाठवावा!

त्या कामातील एक प्रमुख संशोधक एम. सत्यनारायणन हे मद्रास आयआयटीचे पदवीधर. 1987 पासून त्यांनी ‘कोडा’ ही प्रणाली विकसित केली. जाळे तुटण्यापूर्वीच लागणाऱ्या फाईलींची ती क्लायंटवर बेगमी करून ठेवते. संपर्क तुटला तरी काम चालू राहते आणि जोडणी परतल्यावर दोन्हीकडचा मेळ घातला जातो. भारनियमनाचे चटके सोसलेल्या वऱ्हाडास ही कल्पना फार समजावून सांगावी लागणार नाही. दोघांनी एकाच फाईलीत वेगवेगळे बदल केले असतील, तर मात्र कोणता ठेवावा हे बहुधा माणसालाच ठरवावे लागते.

आता तो प्रसंग. आपले एक ज्येष्ठ माजी विद्यार्थी आहेत. गावच्या प्राथमिक शाळेत त्यांना दाखल करून घेताना गुरुजींनी हिणवणारे नाव नोंदवले. ते मी येथे लिहीत नाही. मोठेपणी त्यांनी राजपत्रात प्रसिद्ध करून ते रीतसर बदलले. स्मरणिकेच्या यादीत मात्र जुन्या हजेरीपटावरून तेच नाव उतरले होते.

सकाळी आमच्या एका सहकारी शिक्षिकेने शुद्धलेखन तपासण्यासाठी यादी उघडली. दुपारी मी दुसऱ्या यंत्रावरून त्यांचे नाव दुरुस्त केले आणि निश्चिंत झालो. संध्याकाळी बाईंनी आपली प्रत जतन केली. ती सकाळची होती. चार वेलांट्या सुधारल्या गेल्या आणि सर्व्हरवर हिणवणारे नाव परत आले. चौकशी होते ती उघडताना. उघडून ठेवलेल्या फाईलीस मधले काही कळले नव्हते. दोष बाईंचा नव्हता. यादीवर एका वेळी एकच हात फिरेल, हे मी आधी ठरवायला हवे होते.

छपाईपूर्व प्रत हाती आली तेव्हा चूक दिसली. त्या संध्याकाळी सगळ्या यंत्रांवरील यादी बंद करविली, एकाच यंत्रावर ती पुन्हा उघडली आणि नाव लिहिले. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ स्वतः कक्षात आले, चष्मा लावून पडद्यावरील ती ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, “सर, आता कागदावर दाखवा.”